इकडे सूर्यास्त, तिकडे सूर्योदय

सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याची रीत आमच्या घरी आजोबांपासून चालत आली आहे. बालपणी ती जाचक वाटे. पुढे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा छंद जडला आणि तिचा एक अनपेक्षित लाभ झाला. हिवाळ्यात सहाच्या सुमारास ताटे उचलली गेली की मी माडीवरच्या खोलीत यंत्रासमोर बसत असे. आणि दूरदेशीचे आवाज ऐकण्यास नेमकी तीच वेळ सर्वोत्तम असते. वातावरणाच्या वरच्या भागातील ‘डी’ नावाचा थर दिवसा कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी शोषून घेतो. सूर्य मावळताच तो विरू लागतो. परंतु त्याहून उंचावरील ‘एफ’ थर लहरींना पुन्हा पृथ्वीकडे वळविण्याइतका समर्थ राहतो. त्यामुळे दिवस आणि रात्र यांच्या सीमेवरून, जिला आम्ही हॅम मंडळी ‘ग्रे लाइन’ म्हणतो, लहरी थेट अर्ध्या पृथ्वीपर्यंत पोहोचतात. पौष-माघात सांगलीत सूर्य मावळतो तेव्हा अमेरिकेतील ओहायो राज्यात तो उगवत असतो. तेथील एक गृहस्थ न्याहारीपूर्वी आणि मी भोजनोत्तर, असे आम्ही गेली एकोणतीस वर्षे बोलत आलो आहोत. प्रत्यक्ष भेट मात्र एकदाही झालेली नाही.

गेल्या दिवाळीत त्यांचे पत्र आले. वय ८६ झाले, गुडघे जिना चढू देत नाहीत, जूनमध्ये मुलीच्या गावातील वृद्धनिवासात जाणार, अंगणातील अँटेनाचा मनोरा तत्पूर्वी उतरविला जाणार. निवृत्तीनंतर ‘कधीतरी’ करावयाच्या माझ्या जगप्रवासाला त्या पत्राने तारीख दिली.

वाचकांपैकी अनेकांना हा छंद अपरिचित असेल, म्हणून थोडे विवेचन करतो. हॅम रेडिओसाठी शासनाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. प्रत्येक परवानाधारकास एक संकेतनाम मिळते. भारतीयांचे ‘व्हीयू’ या अक्षरांनी आरंभ होते. या लहरींवर व्यापार करता येत नाही, आणि राजकारण व धर्म हे विषय टाळण्याचा संकेत आहे. उरते काय? हवामान, यंत्र, अँटेनेची उंची, आवाज किती स्वच्छ पोहोचला, इतकेच. ओहायोच्या माझ्या स्नेह्याचा मनोरा ७० फुटांचा आहे आणि त्यांच्या अंगणात पहिला बर्फ कधी पडतो, हे मला मुखोद्गत आहे. त्यांच्या पत्नी निवर्तल्याचे मात्र मला तब्बल दोन वर्षांनी समजले. हवेवर त्यांनी ते सांगितले नव्हते आणि मी कधी विचारले नव्हते.

संभाषण झाल्याची पोच म्हणून एकमेकांना एक कार्ड पाठविण्याची प्रथा आहे. त्यास ‘क्यूएसएल’ कार्ड म्हणतात. त्यावर संकेतनाम, तारीख, जागतिक प्रमाणवेळ, वारंवारता आणि ध्वनीची प्रत नोंदलेली असते. टपालखर्च वाचावा म्हणून देशोदेशींच्या हॅम संघटना ही कार्डे गठ्ठ्याने पाठवितात. त्यात वर्ष-दोन वर्षे सहज जातात. गेल्या श्रावणात असाच एक गठ्ठा आला. त्यात दक्षिण जर्मनीतील बोडेनसे सरोवराकाठच्या एका मित्राचे कार्ड होते. कोपऱ्यात शाईने लिहिले होते की, जूनमधील मेळाव्यास एकदा या, चहा माझ्याकडे. कार्ड माझ्या हाती पडले त्याच्या आठ महिने आधीच ते गृहस्थ निवर्तले होते. हॅमच्या भाषेत दिवंगत सदस्यास ‘सायलेंट की’, म्हणजे मूक झालेली मोर्सची कळ, असे म्हणतात. भेटावयाच्या अकरा नावांची माझी एक जुनी यादी आहे. तिच्यातील चार नावांपुढे आता मी तो शब्द लिहिला आहे.

आता प्रत्यक्ष आराखड्याकडे वळतो. स्टार अलायन्स आणि वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या संघांकडून पृथ्वीप्रदक्षिणेचे एकत्रित तिकीट मिळते. त्याचा मुख्य नियम एकच: पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे, एकाच दिशेने जावयाचे आणि पॅसिफिक व अटलांटिक महासागर प्रत्येकी एकदाच ओलांडावयाचे. स्टार अलायन्सच्या तिकिटावर दोनपासून पंधरापर्यंत मुक्काम करता येतात आणि प्रवासास दहा दिवसांपासून एक वर्षापर्यंत अवधी मिळतो. एअर इंडियाही त्याच संघात असल्याने मी तेच निवडले.

नियम ऐकावयास सोपा आहे. पण हॅम मंडळींचे तीन मोठे मेळावे नकाशावर मांडून पाहिले की तो अडवू लागतो. ओहायोतील डेटनचा ‘हॅमव्हेन्शन’ १९५२ पासून भरतो; २०१७ पासून तो शेजारच्या झीनिया गावी हलला आहे, आणि त्याचा काळ मे महिन्याचा मध्य. जर्मनीत फ्रीड्रिक्सहाफेनचा मेळावा जूनअखेरीस आणि टोकियोचा ऑगस्टमध्ये. पश्चिमेकडे निघालो तर जर्मनी व जपान साधतात, मात्र अमेरिकेत पोहोचेपर्यंत जुलै उजाडतो. पूर्वेकडे निघालो तर अमेरिका व जर्मनी साधतात, टोकियोचा मेळावा हुकतो. दोन आठवडे मी कागदावर रेघोट्या ओढत होतो. अखेर सूनबाईंनी विचारले, “बाबा, तुम्हाला मेळावे पाहायचे आहेत की माणसे?” आणि प्रश्न सुटला. जुलैमध्ये ओहायोत मनोरा नसेल आणि मनोऱ्याचे मालकही नसतील. शिवाय चातुर्मासापूर्वी घरी परतावे ही आईची इच्छा पूर्वेच्या मार्गानेच पुरी होते. तेव्हा एप्रिलच्या आरंभी प्रस्थान आणि जूनअखेर आगमन. योकोहामाचे स्नेही मेळाव्याविना एप्रिलमध्येच भेटतील.

जपाननंतर न्यूझीलंड. तेथील दक्षिण बेटावरील ओटागो प्रांतात दोन मित्र आहेत आणि एक स्थान आहे. शॅग व्हॅली येथील फ्रँक बेल या मेंढपाळ कुटुंबातील हौशी तरुणाने १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याशी बिनतारी संवाद साधला. न्यूझीलंड व इंग्लंड यांच्यातील तो पहिला दुतर्फा रेडिओसंवाद होय. फ्रँक यांनी नंतर शेतीत लक्ष घातले आणि त्यांची बहीण ब्रेंडा यांनी ते केंद्र चालविले. त्या न्यूझीलंडच्या पहिल्या महिला हॅम. आणि गॉयडर? तेच पुढे १९३६ मध्ये भारतात येऊन आकाशवाणीचे मुख्य अभियंता झाले. आपल्या वाडवडिलांनी लघुलहरींवर ज्या बातम्या ऐकल्या, त्या प्रक्षेपण केंद्रांच्या उभारणीत या शाळकरी हॅमचा मोठा वाटा होता. एवढ्याचसाठी त्या दरीत एक दिवस काढण्यास मी तयार आहे. तेथे पाहण्याजोगे काही उरले आहे की नाही, ही चौकशी मित्रांवर सोपविली आहे.

व्हिसाचे प्रकरण कंटाळवाणे, पण टाळता न येणारे. चार व्हिसा, आणि बहुतेक कार्यालये पारपत्र काही दिवस स्वतःकडे ठेवतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. अमेरिकेची मुलाखत सर्वांत आधी, कारण प्रतीक्षा तेथेच दीर्घ. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून अधिक आधी स्वीकारत नाहीत. जपानचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांतच वापरावा लागतो, म्हणून तो शेवटी. इंग्लंडला पाचवा व्हिसा लागला असता; तो बेत मी मुकाट्याने खोडला.

आहाराविषयी घरच्यांना सर्वाधिक चिंता होती. विमान कंपन्यांकडे जैन भोजनाचा स्वतंत्र संकेत आहे, ‘व्हीजेएमएल’. कंदमुळे वर्ज्य असलेले ताट त्या नावाने मागता येते. तिकीट एक असले तरी कंपन्या अनेक असतात, म्हणून प्रत्येक उड्डाणासाठी ही मागणी नोंदली गेली आहे ना, हे वेगळे तपासावे लागते. सोबत खाकरे, मेतकूट, भाजके पोहे घेणार आहे. न्यूझीलंडमध्ये मात्र खाद्यपदार्थाची प्रत्येक पुडी उतरताना अर्जावर जाहीर करावी लागते. न केल्यास जागच्या जागी ४०० डॉलर दंड. मेतकुटासाठी एवढे मोल देण्याची माझी तयारी नाही.

एक गंमतीचा पेच उरला होता. ऑकलंडहून सायंकाळी निघालेले विमान आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून त्याच तारखेला दुपारच्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरते. म्हणजे एकाच तारखेला दोन सूर्यास्त! रात्रीभोजनत्यागाचा हिशेब कोणत्या सूर्यास्ताने करावा? आई ९१ वर्षांच्या आहेत, त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “तू जिथे असशील तिथला सूर्य बघ. तारीख माणसांनी केलीय.”

एकटाच का जातो, हे सर्वजण विचारतात. आमच्या सौभाग्यवतींचे उत्तर ठरलेले आहे: “सात घरांत अँटेनेच्या उंचीची चर्चा ऐकण्यापेक्षा मी श्रवणबेळगोळला जाऊन येईन.” त्यांनी मैत्रिणींसह तसे आरक्षणही केले आहे. माझे वय ६६, रक्तदाबाची गोळी चालू. डॉक्टरांनी औषधांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून दिली, लांबच्या उड्डाणात दर दोन तासांनी उठून चालण्यास सांगितले. रेडिओ संच बरोबर नेत नाही. प्रत्येक देशाचे परवान्याचे नियम निराळे, आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर बिनतारी यंत्राचे समर्थन करीत बसण्याची हौस मला नाही. मूळ परवाना मात्र घेतो. अमेरिकेतील न्यूइंग्टन येथे तेथील हॅम संघटनेचे स्मारक केंद्र आहे. परवानाधारक पाहुण्यास तेथील यंत्रावर बसू देतात.

सर्वांत जड काही असेल तर ती कार्डे. यादीतल्या सातही जणांची पहिली कार्डे मी कपाटातून शोधून काढली आणि प्लास्टिकच्या पाकिटात घातली. जर्मन मित्राचे शेवटचे कार्डही घेतले. फ्रीड्रिक्सहाफेनच्या मेळाव्यात त्याच्या क्लबची माणसे भेटतील, त्यांना दाखवीन. त्याच्या घरी जावे की नाही, हे अजून ठरलेले नाही. त्याच्या पत्नीस मी पत्र लिहिले आहे. उत्तर यावयाचे आहे.

ओहायोच्या स्नेह्यांशी परवा बोलणे झाले. आवाज क्षीण होता, मधूनमधून बुडत होता. मनोरा उतरविणाऱ्यांना त्यांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्याची वेळ दिली आहे. तोवर यंत्र जागेवर राहील. मुलीने त्यांना माझ्या आहाराविषयी वाचून दाखविले असावे, कारण त्यांनी काळजीने विचारले की, संध्याकाळचे जेवण किती वाजता मांडू? मी पंचांगाऐवजी संगणक पाहिला. मेच्या मध्यास त्यांच्या गावी सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. साडेसात चालेल, असे कळविले आहे.