चाळीस वर्षं झाली, सी अर्चिन परत का येत नाहीत?

आजचा प्रश्न साधा वाटेल. एखाद्या साथीतून शंभरातले पाच-सात जीव वाचले, तर संख्या पुन्हा पहिल्यासारखी व्हायला किती वर्षं लागतील? दहा? वीस? कॅरिबियन समुद्रातल्या काळ्या, लांब काट्यांच्या सी अर्चिनला चाळीससुद्धा पुरली नाहीत.

डायडेमा अँटिलारम हे त्याचं शास्त्रीय नाव. ना पाठीचा कणा, ना डोकं. तळाशी खडकावर सरकत शेवाळ खरवडून खायचं, एवढंच काम. पण जमैकात शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच पकडून संपवत आणले होते, त्यामुळे साफसफाईचा सगळा भार या अर्चिनवरच पडलेला.

जानेवारी 1983 मध्ये पनामा कालव्याच्या तोंडाशी ते मरायला लागले. तेरा महिन्यांत साथ जवळजवळ अख्ख्या कॅरिबियनमध्ये पोचली आणि बहुतेक ठिकाणी 93 टक्क्यांहून जास्त अर्चिन गेले. हा आकडा सांगता येतो, कारण काही संशोधकांनी साथीच्या आधीच पाण्यात उतरून ते मोजून ठेवले होते. (असली कंटाळवाणी मोजणी कोणी करत बसलं की आपण हसतो, बरं का!)

जमैकात 1970 च्या दशकाच्या शेवटी तळाचा 52 टक्के भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला उरला 3 टक्के, आणि शेवाळ 4 वरून 92 टक्क्यांवर! 1980 च्या ॲलन चक्रीवादळाने प्रवाळांची मोडतोड केली होतीच, पण नंतर शेवाळ आवरायलाच कोणी नव्हतं.

मग वाचलेल्यांचं काय झालं? गंमत इथे आहे. अर्चिन जोडी जमवत नाहीत. मादी अंडी आणि नर शुक्राणू थेट पाण्यात सोडतो. दोघं जवळ असतील तर फलन होतं, लांब असतील तर सगळं पाण्यात विरून जातं. म्हणजे वाचलेले धडधाकट होते, पण विखुरलेले. त्यात शेवाळाने भरलेल्या खडकावर पिल्लांना बसायला जागा मिळेना. तीस वर्षांनंतरही संख्या जुन्या संख्येच्या सरासरी 12 टक्क्यांच्या आसपासच होती.

आणि 2022 मध्ये पुन्हा साथ आली. या वेळी मारेकरी सापडला: सिलिएट गटातला एक एकपेशीय जीव. पुढे तांबड्या समुद्रातही डायडेमाच्याच एका भाऊबंदाला त्याने गाठलं. 1983 चा मारेकरी मात्र कधीच ओळखता आला नाही.

सध्या फ्लोरिडात आणि प्वेर्तो रिकोत अर्चिनची पिल्लं टाक्यांमध्ये वाढवून प्रवाळांवर नेऊन सोडतायत.