रानटी व पाळीव मांसाची तुलना : गडबच्या जिताड्याच्या निमित्ताने

रानात वाढलेल्या प्राण्याचे मांस पाळलेल्या प्राण्याच्या मांसाहून सरस असते, असा समज सर्वत्र रूढ आहे. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या सुमारास तांबड्या हरिणांची व्यापारी पैदास सुरू झाल्यावर या समजाची शास्त्रीय परीक्षा होऊ लागली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमामुळे हरिणाच्या बाबतीत अशा तुलनेस वाव नाही. मात्र त्या अभ्यासातील तत्त्वे पेण तालुक्यातील गडबसारख्या खाडीकाठच्या गावात पडताळता येतात. तेथे प्रश्न हरिणाचा नसून जिताड्याचा आहे : खाडीतला चांगला, की तळ्यातला?

प्रथम हरिणाविषयी. त्याच्या मांसाचे गुण मुख्यतः चार गोष्टींवर अवलंबून असतात. पहिली आहार. कुरणावर चरणाऱ्या हरिणाच्या मांसात ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्ले अधिक आढळतात. धान्ययुक्त खाद्यावर पोसलेल्या हरिणात चरबी आणि ओमेगा-६ वर्गातील स्निग्धाम्ले वाढतात. दुसरी वय. वयाबरोबर कोलॅजेनचे बंध पक्के होतात, ते शिजवूनही सुटत नाहीत आणि मांस चिवट लागते. तिसरी हालचाल. तिच्यामुळे स्नायूंतील मायोग्लोबिन वाढून मांसाला गडद रंग येतो. चौथी गोष्ट म्हणजे मरणसमयीची अवस्था. स्वस्थ प्राण्याच्या स्नायूंतील ग्लायकोजेनपासून मरणोत्तर लॅक्टिक आम्ल बनते व मांसाचा सामू ५.५ ते ५.८ पर्यंत उतरतो. धावून थकलेल्या वा भेदरलेल्या प्राण्यात ग्लायकोजेन आधीच संपलेले असते. सामू ६ च्या वर राहतो, मांस काळपट होते व लवकर नासते. म्हणजे शांतपणे टिपलेले पाळीव हरीण आणि पाठलाग करून मारलेले रानटी हरीण यांच्या मांसातील सर्वच फरक रानाच्या खात्यावर मांडता येत नाही.

आता जिताड्याकडे वळू. पेण व अलिबाग तालुक्यांच्या खारेपाटात, जेथे बांधबंदिस्ती करून भातशेती केली जाते, तेथे पावसाळ्यात खाडीकडून आलेली जिताड्याची पिल्ले पकडून तळ्यात वाढविण्याची प्रथा जुनी आहे. जिताडा मांसाहारी असल्याने तळ्यातही तो लहान मासे व कोलंबी यांवरच वाढतो. म्हणून आहाराच्या दृष्टीने तो पिंजऱ्यात कृत्रिम खाद्यावर पोसलेल्या जिताड्यापेक्षा खाडीतल्या जिताड्यास अधिक जवळचा होय. 'पाळीव' या एकाच सदरात दोघांना घालणे ही तुलनेतील पहिली चूक.

दुसरी चूक वयाची. जिताडा प्रथम नर असतो व काही वर्षांनी मादी होतो. खाडीतली मोठी मादी आणि तळ्यातला कोवळा नर यांची तुलना केल्यास वय, लिंग आणि वाढीचे ठिकाण यांचे परिणाम वेगळे काढता येत नाहीत. तिसरी चूक पकडण्याच्या रीतीची. जाळ्यात तासन्तास धडपडून मेलेला मासा लवकर ताठरतो व लवकर मऊ पडतो. या बाबतीत तळ्यातून काढून तत्काळ बर्फात ठेवलेला मासाच वरचढ ठरतो.

तथापि तळ्यातल्या माशास येणारा चिखलट वास काल्पनिक नव्हे. नीलहरित शेवाळापासून निर्माण होणाऱ्या जिओस्मिनसारख्या द्रव्यांमुळे तो येतो, आणि ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणातही जिभेस जाणवतात. पण हा दोष पाण्याचा आहे, पाळण्याचा नव्हे. विक्रीपूर्वी काही दिवस मासा स्वच्छ वाहत्या पाण्यात, शक्य तर मचूळ पाण्यात, उपाशी ठेवल्यास तो बराच ओसरतो.

या विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व थोडे नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केल्यापासून केवळ खाडीतल्या पिल्लांवर अवलंबून राहण्याचे कारण उरलेले नाही. अशा वेळी 'तळ्यातला' या एका शब्दाने माशाचा भाव पडत असेल, तर तोटा शेतकऱ्याचा होतो आणि खाडीवरील ताणही कमी होत नाही. म्हणून अभ्यासकाने नमुन्यावर 'रानटी' वा 'पाळीव' एवढेच न लिहिता आहार, वय, पाण्याची क्षारता आणि मारण्याची रीत यांचीही नोंद करावी. त्यांवाचून केलेली तुलना ही तुलना नसून पूर्वग्रहाची पुनरुक्ती होय.