कॉम्प्युटर आला, आता आवाजाचे काय?

मलकापूरच्या आसपास खेड्यापाड्यांतून कॉम्प्युटर ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. मुलीने एम.एस.-सी.आय.टी. केले, म्हणून कोणाच्या घरी आला. कोणी सातबारा काढण्यासाठी घेतला, तर कोणाकडे पुण्याला नोकरीस असलेल्या मुलाचा जुना संच आला. दिवसा त्यावर अर्ज भरले जातात, मुलांचा अभ्यास होतो. संध्याकाळी कामे उरकली की एखादा म्हणतो, "गाणे लाव रे." गाणे लागते खरे, पण संचाच्या पोटातून येणारा आवाज काडेपेटीत भुंगा कोंडावा तसा! मग घरात ठराव होतो की, यंदा कापसाचा चुकारा हाती आला म्हणजे स्पीकर आणायचे.

आमच्या घरीही असेच ठरले. फक्त निमित्त निराळे होते.

माझे वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत. पूर्वी गावच्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवीत. मंडळाचे विणेकरी म्हणजे त्यांचे जिवलग स्नेही. १९८० नंतर खेड्यापाड्यांत टेपरेकॉर्डर आले, तेव्हा कोणीतरी हौसेने एकादशीची भजने टेप करून ठेवली. अशा अकरा कॅसेटी आमच्या फडताळात आहेत. विणेकरीबुवांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांचा आवाज कुठे असेल तर तो त्या अकरा कॅसेटींत. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली, तेव्हा ती घरोघरी पोहोचेल असे वाटले नव्हते. आणि पोहोचल्यावर ती इतक्या लवकर जाईल असेही वाटले नव्हते. आमचा टेपरेकॉर्डर कधीच थकला. गेल्या दिवाळीत पुतण्या घरी आला. त्याने एका स्नेह्याकडून चालू टेपरेकॉर्डर मागून आणला, त्याची वायर कॉम्प्युटरच्या मागील निळ्या भोकात खोचली आणि काही कॅसेटी उतरवून घेतल्या. (निळे भोक आवाज आत घेण्याचे, हिरवे बाहेर काढण्याचे आणि गुलाबी माईकचे. टेपची वायर गुलाबी भोकात घातली, तर आवाज फाटतो. हे आम्हीही आधी करून पाहिले.)

आता वडिलांना ऐकवायचे, तर स्पीकर हवेत. मी एका मोठ्या गावी गेलो होतो. तेथील दुकानात चकचकीत खोके दिसले. मोठा डबा, दोन लहान डबे, पुढे लाल-निळे दिवे. खोक्यावर ठळक अक्षरांत "१५००० वॅट पी.एम.पी.ओ." दुकानदाराने एक सिनेमाचे गाणे लावले आणि छातीत धडधड झाली. किंमत अठराशे. मी लगेच पैसे मोजले.

घरी आल्यावर वडिलांना खुर्चीवर बसविले, भजन लावले. त्यांनी कान पुढे केला, जरा वेळ ऐकले आणि म्हणाले, "हे काय वाजून राह्यलं? पखवाज हाये का मळणीयंत्र? शब्द तं एकही समजून नाई राह्यला."

अठराशे रुपये गेले, त्याहून त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा जिव्हारी लागली. मग मात्र मी या विषयाच्या मागेच लागलो. जे कळले ते येथे देतो, म्हणजे वाचकांपैकी कोणाचे तरी अठराशे वाचतील.

पहिली गोष्ट त्या पंधरा हजार वॅटची. आपण शेतकरी माणसे. वॅट आपल्याला नवीन नाहीत. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. या हिशेबाने १५००० वॅट म्हणजे वीस हॉर्सपॉवरची मोटर झाली! विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या पंपाला केवढी जाड केबल लागते, ती आठवा आणि स्पीकरची सुतळीएवढी वायर पाहा. "पी.एम.पी.ओ." हा आकडा मोजण्याची ठरलेली पद्धतच नाही, छापणाऱ्याच्या मनाला येईल तो आकडा. विचारायचा आकडा "आर.एम.एस." वॅटचा. तोही पटत नसेल तर डबा उलटा करा. मागे किंवा अॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार करा. १२ व्होल्ट आणि २ अँपिअर असतील तर २४ वॅट आत जातात. आत गेले त्याहून जास्त बाहेर येणार नाही. म्हैस खाल्ल्यापेक्षा जास्त दूध देत नाही, तसेच हे.

यावरून कोणी म्हणेल की, मग जास्तीत जास्त आर.एम.एस. घ्यावेत. तेही खरे नाही. दहा बाय बाराच्या खोलीत जवळ बसून ऐकायचे, तर दोन-तीन खरे वॅटसुद्धा पुष्कळ होतात. वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला थोडासा फरक. आवाज दुप्पट झाला असे वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. तेव्हा पाच वॅटचा सोडून दहाचा घेतला म्हणून अंगणात ऐकू येईल, असे नाही. उलट ऐकणाऱ्याची खुर्ची दोन हात पुढे सरकविली तर फुकटात तेवढे काम होते.

कॉम्प्युटरच्या यू.एस.बी. खाचेतूनच वीज घेणारे लहान स्पीकर पाचशे ते हजार रुपयांत मिळतात. साध्या खाचेतून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅटच मिळतात; त्यातच दोन्ही डबे भागवायचे. बातम्या, मुलांचे धडे, आकाशवाणी, एवढ्यासाठी ते बरे. वेगळा प्लग लागत नाही आणि भारनियमनात लॅपटॉपवरही चालतात. गाण्याची खरी आवड असणाऱ्याने मात्र त्यांच्यावर थांबू नये.

माझी फसगत झाली ती तिसऱ्या मोठ्या डब्याने. त्याला वूफर म्हणतात. त्याचे काम फक्त खर्जाचे. खर्ज निर्माण करायला पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून पडदा मोठा हवा आणि डबा जड हवा. स्वस्त संचात डबा पातळ असतो. तो खर्ज वाजवीत नाही, स्वतःच थरथरतो. मग प्रत्येक गाण्यात एकच घुमारा ऐकू येतो, डग्गा असो की ढोल. दुकानात पाच मिनिटे तो भारी वाटतो. घरी तासाभरात डोके दुखते.

आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर हा घुमारा वैरीच. याचे कारण मला कानाच्या डॉक्टरांकडे वडिलांना नेले तेव्हा समजले. वयोमानाने कान कमी होतो तो सगळीकडे सारखा होत नाही. आधी जातात ते बारीक, उंच आवाज. आ, ऊ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. पण स, श, त, फ यांसारखी अक्षरे ओळखायची ती उंच आवाजावरून. म्हणून वृद्ध माणसे म्हणतात, "आवाज येतो, पण बोललेले कळत नाही." घरच्यांना वाटते, मुद्दाम करतात! त्यातच खालून घुमारा सुरू झाला की उरलीसुरली अक्षरेही त्याखाली दबून जातात. (डॉक्टरांनी वडिलांच्या कानातून मळाचा खडाही काढला. तोही हिशेबात धरावा. घरी काडी घालून काढू नये.)

परत आल्यावर मी वूफरची कळ पूर्ण खाली आणली, मोठा डबा कोपऱ्यातून उचलून मोकळ्या जागी ठेवला आणि लहान डबे टेबलावर, वडिलांच्या कानाच्या उंचीवर मांडले. कोपऱ्यात ठेवलेल्या डब्याचा खर्ज दोन्ही भिंती मिळून फुगवितात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आमच्या खोलीत शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती, त्यामुळे शब्द घुमत. समोरच्या भिंतीला दांडीवर दोन गोधड्या टाकल्या. हा उपाय कापूसवाल्या मुलखात कोणाला महाग नाही. सरकी काढलेला कापूस आवाज गिळून टाकतो. जुनी गादी उभी केली तरी चालते. एवढ्यावर वडील म्हणाले, "आता बरं हाये." बरे म्हणजे रुपयातले आठ आणे.

उरलेले आठ आणे माळ्यावर होते. आमच्या जुन्या डेकचे दोन लाकडी स्पीकर तेथे वीस वर्षे पडून होते. एकात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते. असे जुने डबे पुष्कळ घरी असतील. ते भंगारात देण्याआधी तपासून पाहावेत. जाळी काढून पडद्याच्या कडेला हलकेच बोट लावावे. कडा फोमची असेल तर ती पंधरा-वीस वर्षांत कुजते, बोट लागताच भुगा होतो. कापडाची किंवा कागदाची घडीची कडा मात्र दीर्घकाळ टिकते. मग बॅटरीचा दीड व्होल्टचा साधा सेल घ्यावा आणि स्पीकरच्या दोन वायरी त्याच्या दोन टोकांना क्षणभर लावाव्यात. "खट्ट" असा आवाज येऊन पडदा हलला, तर आतील गुंडाळी जिवंत आहे. पडदा बाहेर आला, तर सेलच्या टोपीकडची वायर अधिकची समजून तिला लाल दोरा बांधावा. दोन स्पीकर लावणार असाल तर दोन्हींच्या लाल दोऱ्याच्या वायरी सारख्याच बाजूला जोडल्या पाहिजेत. एक उलटी झाली, तर एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो. खर्ज नाहीसा होतो आणि गाणारा कुठे बसला आहे तेच कळत नाही.

आमच्या दोनपैकी एकाची कडा गळून पडली, दुसरा ठणठणीत निघाला. मी हळहळलो, पण पुतण्या हसला. तो म्हणाला, "काका, त्या कॅसेटी एकाच माईकवर भरलेल्या आहेत. डावे-उजवे त्यात नाहीच. मग दोन स्पीकर कशाला?" बरोबर होते. जुनी भजने, आजीच्या ओव्या, घरगुती टेप, यांना एक चांगला डबा दोन बऱ्यावाईट डब्यांपेक्षा सरस.

जुन्या स्पीकरला स्वतःची ताकद नसते, म्हणून मध्ये अॅम्प्लिफायर लागतो. डेकचा चालू असेल तर शे-दोनशेची वायर आणून कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकातून त्याला जोडावी, खर्च संपला. आमचा जळालेला होता. १२ व्होल्टवर चालणारा तळहाताएवढा अॅम्प्लिफायर अॅडॉप्टरसह हजार रुपयांच्या आत मिळाला. स्पीकरच्या पाठीवर ४ की ८ ओहम लिहिले आहे ते पाहून, तेवढे ओहम चालवणाराच अॅम्प्लिफायर मागावा. सभामंडपातले कर्णे मात्र घरच्या अॅम्प्लिफायरला लावू नयेत. त्यांतल्या पुष्कळांची जोडणी १०० व्होल्टच्या पद्धतीची, निराळी असते आणि ते बोलण्यासाठी केलेले असतात, गाण्यासाठी नाहीत.

ज्यांच्या माळ्यावर काहीच नाही आणि नवीनच घ्यायचे आहे, त्यांनी माझ्या मते वूफरच्या मोहात न पडता लाकडी डब्याचे, आत अॅम्प्लिफायर असलेले दोनच स्पीकर घ्यावेत. पडदा चार इंचांचा असावा. चांगले घ्यायचे तर सहा ते दहा हजार पडतात, हे खरे. एका हंगामात जमत नसेल तर तूर्त यू.एस.बी.वाले घेऊन पुढल्या चुकाऱ्यापर्यंत थांबावे. मधला अठराशेचा दिव्यांचा संच घेऊ नये. दुकानात जाताना आपल्या ओळखीचे गाणे पेनड्राईव्हवर घेऊन जावे. दुकानदाराचे गाणे त्याच्या डब्याला साजेसेच असते. आपण हलक्या आवाजात लावावे आणि टाळ ऐकावेत. टाळांचा किणकिणाट वेगळा आला, नुसती सळसळ झाली नाही, आणि गाणाऱ्याचा शब्द न् शब्द समोरून आला, तर डबा चांगला. पितळी टाळ ही मोठी कसोटी आहे.

स्पीकरमधून सतत "हुं" असा आवाज येत असेल तर घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. कॉम्प्युटर आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावून पाहावेत. वीज कडाडू लागली की सगळ्या पिना काढून ठेवाव्यात, हे सांगायला नको.

तो एकुलता डबा आम्ही स्टुलावर, वडिलांपासून दोन हातांवर ठेवला. पाचव्या कॅसेटीचे भजन लावले. सुरुवातीला वीणा जुळविण्याचा आवाज, मग कोणाचे तरी खाकरणे. वडील ताठ बसले.

"थांब. मांगं घे जरा."

मी मागे घेतले. पुन्हा तेच खाकरणे.

"तोच हाये," ते म्हणाले. "सुरुवातीले नेहमी असाच खाकरे." नंतर भजन सुरू झाले आणि त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर चालू लागली. दुसऱ्या कडव्यापाशी त्यांनी मान हलविली. पखवाज तेथे एका मात्रेने चुकला होता, आणि तो त्यांचाच होता.

अकरापैकी सात कॅसेटी आतापर्यंत उतरल्या. आठवीची फीत तुटली आहे. ती चिकटपट्टीने सांधून पाहणार आहोत. अठराशेचा दिव्यांचा संच पुतण्याने नेला. त्याला आवडतो.