मागं ओढायचा गिअर

पहाटे 5:20. भवानीनगर. छत्रपती कारखान्याचं गळीत चालू आहे. हवेला मळीचा वास. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत आलीय. कानाला मफलर गुंडाळून एक पोरगा बारामतीच्या एसटीची वाट बघतोय. पक्कं लायसन हातात येईस्तोवर नाव छापू नका, म्हणाला. डाव्या हाताला अंगठा आहे आणि त्याच्या शेजारचं बोट. उरलेली तीन कडबाकुट्टीत गेली, तेव्हा तो सातवीत होता. शाळा तिथंच सुटली.

5:45. तिकीट पूर्ण. पुढच्या बाकावरच्या बायकांना 2023 पासून अर्धं लागतं. अपंगांनाही सवलत आहे, पण 40 टक्क्यांपासून पुढं. त्याच्या दाखल्यावरचा आकडा त्याच्या आत भरतो. "कंडक्टरला मी धडधाकट, आणि गाडीमालकाला थोटा," तो म्हणतो. हसत नाही, तक्रारही करत नाही.

6:40. बारामती एमआयडीसी. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी म्हणजे जुनी सहाटायरी टाटा. मास्तर अजून चहावर आहेत. तो टॉमी घेऊन टायर ठोकत गाडीला फेरी मारतो. भरलेला टायर टणकन वाजतो, बसका थपकन. रेडिएटरचं पाणी बघतो, ऑइलची पट्टी काढून फडक्याला पुसतो, परत घालून परत बघतो. पांढऱ्या पाटीवरचा लाल 'एल' सुतळीनं आवळतो. गाठ मारताना एक टोक दातात.

7:05. इंजिन चालू, पण गाडी हलत नाही. आधी ब्रेकची हवा भरायला हवी. काटा वर चढेपर्यंत नुसतं बसायचं. घाईचं पोरगं इथंच ओळखू येतं, असं मास्तरांचं मत. हा गप्प बसतो.

7:15. आपल्याकडं स्टेअरिंग उजवीकडं, म्हणजे गिअर डाव्या हाताला. सगळी गोम इथं आहे. पुढं ढकलायचा गिअर त्याला सोपा. तळहाताच्या बुडानं रेटला की पडतो. मागं ओढायचा गिअर मात्र बोटं मागतो. मूठ वळत नाही, म्हणून तो गोळ्याला हातच लावत नाही. गोळ्याखाली दांडा अंगठ्याच्या बेचक्यात अडकवतो आणि ओढ खांद्यातून देतो. दांड्यावर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय, हात घसरू नये म्हणून. मास्तरांनी लावली. बाकीची पोरंही आता तिथंच धरतात.

"क्लच पुरा दाब. अर्ध्यात ओढशील तर कुरकुरणारच."
"दाबलाय, मास्तर."
"मग गाडी खोटं बोलतीय व्हय?"

दुसऱ्यांदा गिअर गपकन बसतो. रिकाम्या रस्त्यावर गाडी तिसऱ्यात जाते. वळणावर उजव्या हाताचं काम दुप्पट होतं, कारण डावा स्टेअरिंगवर टेकतो, धरत नाही. थंडीतही त्याच्या मानेला घाम आहे. रिव्हर्सला आरशात बघत तो इतका सावकाश येतो की पुढच्या नंबरवाला पोरगा जांभया देतो. मला तरी त्याचं रिव्हर्स सगळ्यांत सरळ वाटलं.

8:30. चहा, 10 रुपये. कागद प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. ट्रकचं कच्चं लायसन मिळायला आधी हलक्या गाडीचं लायसन वर्षभर हातात असावं लागतं. ते होतं, चुलत्याच्या पिकअपवर दुधाचे कॅन वाहिले त्यानं. पूर्वी आठवी पासही लागायची. ती अट 2019 मध्ये निघाली, नाहीतर सातवीवाल्यानं इथवर यायचं नाव नव्हतं. उरला डॉक्टरचा फॉर्म 1-अ. 25 मीटरवरून गाडीची नंबरपाटी वाचता येते का? आली. कामात अडथळा येईल असं व्यंग आहे का? तिथं डॉक्टर थांबले होते. "माझं बोट दाबा," म्हणाले. त्यानं दाबलं. "बास, बास," म्हणत त्यांनी 'नाही' लिहिलं.

कच्च्याचे 30 दिवस भरले की परीक्षा. पास झाला की एमएच-42 चं पक्कं.

10:30. आता तो शिकाऊ नाही, किन्नर आहे. दुसऱ्याच मालकाची गाडी, 400 रुपये रोज, जेवण ड्रायव्हरबरोबर. पशुखाद्याची पोती भरून झालीत. ताडपत्री ओढायची, दोर हुकातून घालून ताणायचा, गाठ मारायची. हे काम ट्रक चालवण्यापेक्षा त्याला जड जातं. दोर मनगटाला वेढा घालून तो अख्ख्या अंगानं मागं पडतो. मनगटावर काळा वळ आहे, जुना. दोन हातांचा किन्नर यापेक्षा लवकर आवरेल, हे खरं आहे. आणि याच कामावर ठेवताना मालकानं हाताबद्दल विचारलं नव्हतं.

1:15. इंदापूरचा रस्ता. काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी. पालखीमार्ग रुंद झालाय, पण दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर पुढं आला की रुंदी कामाची नाही. ड्रायव्हरला तो आण्णा म्हणतो. आण्णा बोलतात त्याच्याशी, तो बघतो त्यांच्या डाव्या हाताकडं. लासुर्ण्याच्या अलीकडं भाकरी सोडली. वांग्याची भाजी, कांदा.

3:40. इंदापूर. दुकान बोळात आहे. तो मागं उभा राहून हौद्यावर थापा मारतो. "येऊ द्या, येऊ द्या… उजवीकडं तोडा… बास!" पोती हमाल उतरवतात. तो फाळका लावतो, ताडपत्रीची घडी घालतो, हौदा झाडतो.

7:50. परत येताना भवानीनगरच्या फाट्यावर उतरतो. आण्णा 400 रुपये मोजून देतात.

"उद्या भिगवणचा माल हाय. सातला ये."
"साडेआठ, आण्णा. सकाळी शिकायचंय."
"मग साडेतीनशे."
"आठला येतो. चारशेच द्या."
आण्णा गिअर टाकतात. "बघू," म्हणतात, आणि गाडी निघते.