अंकीय-सदृश परिवर्तक : ध्वनिपातळीचे नियोजन
अंकीय मुद्रणातील संख्यांचे विद्युत् दाबात रूपांतर करणाऱ्या मंडलास अंकीय-सदृश परिवर्तक म्हणतात. त्यातून निघालेला संकेत विवर्धकामार्फत ध्वनिक्षेपकाकडे जातो. घरगुती संचात आवाज कमीजास्त करण्याची सोय संगणक, परिवर्तक आणि विवर्धक अशा अनेक ठिकाणी असू शकते. यांपैकी कोणती किती ठेवावी, यावर ध्वनीची स्पष्टता अवलंबून असते.

अंकीय मुद्रणात कमाल पातळी शून्य डेसिबेल मानतात व इतर पातळ्या ऋण आकड्यांनी दर्शवितात. उणे २० डेसिबेलला विद्युत् दाब कमाल दाबाच्या एकदशांश असतो. शून्याच्या वर संख्याच नसल्याने तेथे तरंगांची शिखरे छाटली जाऊन विकृती उद्‌भवते. अगदी खालच्या पातळीवर मंडलाचा स्वतःचा गोंगाट असतो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये १६ बिटांमुळे ६५,५३६ पायऱ्या मिळतात व या दोन मर्यादांमधील अंतर सु. ९६ डेसिबेल भरते.

या अंतराचे महत्त्व लोकसंगीतात विशेष जाणवते. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात काठी येथे होळीच्या रात्री आदिवासींची नृत्ये ढोल, बासरी व घुंगरांच्या साथीने चालतात. अशा वाद्यमेळाच्या मुद्रणात ढोलाचा आघात सरासरी पातळीच्या बराच वर जातो. मंद बासरी ऐकू यावी म्हणून आवाज वाढविल्यास पुढच्याच आघाताला विवर्धकाची मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव असतो.

अंकीय नियंत्रणात संख्याच लहान केल्या जातात. परिवर्तकाचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. याउलट परिवर्तकानंतरच्या चल रोधकाने संकेत आणि गोंगाट दोन्ही सारखेच घटतात. २४ बिटांच्या परिवर्तकात १६ बिटांच्या मुद्रणाची पातळी ४८ डेसिबेलपर्यंत उतरवूनही बिट गळत नाहीत. त्यामुळे अंकीय नियंत्रणाचा माफक वापर निर्धोक ठरतो.

जुळणी करताना प्रथम विवर्धक किमान पातळीवर आणतात. नंतर संगणकातील नियंत्रण पूर्ण व परिवर्तकाचे कमालीच्या जवळ ठेवून विवर्धकाचा आवाज हळूहळू वाढवितात. परिवर्तकाचा कमाल दाब बहुधा २ व्होल्ट असतो. विवर्धकाचे आदान १ व्होल्टच पेलणारे असल्यास परिवर्तक ६ डेसिबेलने उतरवावा लागतो. विवर्धकास नियंत्रण नसेल, तर परिवर्तकाचेच वापरावे लागते. अशा वेळी विवर्धन शक्य तितके कमी ठेवणे हितावह असते. दोन परिवर्तकांची तुलना करताना त्यांच्या पातळ्या मापकाने एकसारख्या कराव्या लागतात. अन्यथा किंचित मोठा आवाजच अधिक चांगला भासतो.

आवाजाची अंतिम मर्यादा मात्र कानांची असते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यास ४० तास ८० डेसिबेल ही सुरक्षित श्रवणाची मर्यादा सुचविली. पातळी ३ डेसिबेलने वाढली की ध्वनिऊर्जा दुप्पट होते व श्रवणाचा सुरक्षित काळ निम्म्यावर येतो.