खाडीचा सातबारा

फराळाची ताटे पुढे असताना मासळीचा विषय काढणे शिष्टसंमत नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण आम्ही राहतो नेरुळला, आणि इथे भाऊबीज आटोपली की पुष्कळ घरांतून पहिला प्रश्न निघतो तो "आज बाजारात काय आलंय?" हाच. तेव्हा शाकाहारी वाचकांनी पान उलटले तरी आमची तक्रार नाही. खरे म्हणजे हा वाद मासळीचा कमी आणि मालकीचाच जास्त आहे.

आमच्या एका स्नेह्यांना गळ टाकून बसण्याचे वेड. नोकरीनिमित्त ते काही वर्षे इंग्लंडात होते. तिथे एका रविवारी ओढ्याकाठी मोठ्या हौसेने बैठक मारली, तोच मागून एक सद्‌गृहस्थ अवतरले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले की हा ओढा खाजगी आहे! हे ऐकून आम्हांला हसू आवरेना. आंबा खाजगी असतो, विहीर खाजगी असते. पण वाहता ओढा? तिकडचा कायदा मात्र खरेच तसा आहे. समुद्रात आणि भरती जिथवर चढते तिथवरच्या पाण्यात साधारणपणे कोणीही मासे धरावेत. त्याच्या वरच्या गोड्या पाण्यात मात्र ज्याचा काठ, त्याचाच सहसा प्रवाहाच्या मध्यापर्यंतचा तळ आणि मासे धरण्याचा हक्कही त्याचाच. सरकारी परवाना खिशात असला तरी मालकाची परवानगी निराळी. हँपशरमधल्या टेस्ट नदीवर ट्राउटसाठी एक दिवस गळ टाकण्याचे जे मोल पडते, तेवढ्यात आमच्या घरची महिन्याची मासळी येईल. भांडण जुनेच आहे म्हणा. थेम्स नदीतले मासे धरण्याचे बांध काढून टाकावेत असे कलम 1215 सालच्या मॅग्ना कार्टातसुद्धा आहे.

आपल्याकडे तसे नाही. 1876 सालीच मासेमारांमधला एक तंटा मुंबई हायकोर्टापुढे आला होता, आणि समुद्रातली मासेमारी हा सर्वांचा हक्क आहे असे कोर्टाने तेव्हा सांगितले. पुढे 1966 चा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा आला. नद्या, नाले आणि भरतीरेषेखालचा खाडीचा तळ, कोणा खाजगी माणसाचा हक्क सिद्ध नसेल तर, सरकारचा, असे त्याचे विसावे कलम म्हणते. म्हणजे ठाण्याची खाडी ना तुमची ना आमची, आणि म्हणूनच सगळ्यांची. ऐकायला किती गोड वाटते! पण ह्या गोडव्याचीच किंमत इथल्या मासेमारांना मोजावी लागली आहे.

1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण ह्या टापूतल्या 95 गावांच्या जमिनीवर नवे शहर उठवायचे ठरले. वाशी, सारसोळे, करावे, दिवाळे, घणसोली ही आज आपल्याला रेल्वेची आणि बसची नावे वाटतात. ती सारी आगरी-कोळ्यांची खाडीकाठची गावे. पावसाळ्यात भात पिकवायचे आणि एरवी खाडीवर जगायचे. उधाणाच्या ओढीला बोकशी लावायची, उथळ पाण्यात पाग फेकायचा, ओहोटीला बायकांनी चिखलात उतरून चिंबोऱ्या, कालवे, निवट्या वेचायच्या. जिताडा मिळाला तर तो घरी शिजत नसे, तो साहेबाकडे भेट म्हणून जाई! (साहेबाची कामे त्यामुळे लवकर होत की नाही, हे सांगणारा साहेब मला अजून भेटलेला नाही.)

जमिनीसाठी लोक लढले. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरण भागात पाच जण गोळीबाराला बळी पडले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. पण ती ज्यांची जमीन गेली त्यांच्यासाठी. आमच्या दारावर येणाऱ्या कोळीण मावशींना मी एकदा विचारले, की तुम्हांला काय मिळाले? पाटीवरचा हात न काढता त्या म्हणाल्या, "सेताला सातबारा व्हता, दादा. खारीचा सातबारा कुनाचे नावाव?"

सगळी गोम ह्यातच आहे. इंग्लंडातल्या ओढ्याला मालक आहे, म्हणून चार लोकांना तिथे मज्जाव होतो. पण ओढा कोणी बुजवू लागला तर भांडायला तो मालक उभा राहतो. आमच्या खाडीला मालक नाही. भराव पडला, पुलाचे खांब उभे राहिले, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे पाणी येऊन मिळाले. ओढ मंदावली की गाळ बसतो आणि ओहोटीला होडी जागच्या जागी रुतते. पण नुकसान झाले कोणाचे? कागद दाखवा! कागद नाही, तर नुकसानही नाही.

हा हिशेब उलटायला फार वर्षे लागली. फेब्रुवारी 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने उरण परिसरातल्या मासेमारांच्या 1630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई द्यावी असा हुकूम केला. त्यात जेएनपीटी बंदराबरोबर सिडको आणि ओएनजीसी ह्यांचाही वाटा ठरवला गेला. मग वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाची पाळी आली. मरिआई मच्छीमार सहकारी संस्था हायकोर्टात गेली. ऑगस्ट 2021 च्या निकालात कोर्टाने पूल लोकहिताचा म्हणून बांधू दिला. पण खाडीत मासे धरण्याचा परंपरेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, तो बुडत असेल तर भरपाई दिली पाहिजे आणि त्यासाठी सरकारने धोरण आखले पाहिजे, असेही बजावले. मला हा निकाल मोठा वाटतो. पूल आपल्यालाही हवा आहे. दादरला जाताना टोलनाक्यापाशी तासभर अडकलेल्या माणसाने उगाच साधुत्व मिरवू नये. फक्त त्याची किंमत एकट्या होडीवाल्याने का द्यावी?

आता घोडे पेंड खाते ते मोजणीत. होडीची नोंद असते, सोसायटीचे सभासदपत्र असते. त्यांना भरपाईच्या यादीत जागा मिळेल. पण गुडघाभर चिखलात उतरून कालवे वेचणाऱ्या बाईकडे असते एक कोयती आणि एक टोपली. पाग खांद्यावर टाकून पायी जाणाऱ्या म्हाताऱ्याकडे तर होडीही नसते. आमच्या बाजूला खाडीकडे उतरणाऱ्या जुन्या वाटेवर आता एका वसाहतीचे फाटक आहे. पहारेकरी मावशींना रोज विचारतो, "कोणाकडे जायचंय?" खाडीकडे म्हटले तर त्याच्या वहीत तसा रकाना नाही. म्हणून त्या पहिल्या मजल्यावरच्या कोणाचे तरी नाव सांगतात आणि मागच्या बाजूने खाली उतरतात.