बोडीतलं गवत काचेच्या टाकीत

गोंदियात शोभेच्या माशांच्या दुकानात गेलं की दुकानदार आधी लालचुटूक पानांची नाजूक रोपं पुढे करतो. त्यामागून खताची बाटली येते, मग झगझगीत दिवा, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला माणूस. माझ्या व्हरांड्यातली दोन फुटी टाकी बघून शेजारच्या धीवर मावशी म्हणाल्या, “मास्तर, बोडीतलं गवत काचेत ठेवून त्याला लाईट कशाला लावता?”

मावशींचं बरोबर आहे. टाकीतली निम्मी हिरवळ आमच्या बोड्यांतलीच, म्हणजे छोट्या तळ्यांतलीच आहे: हायड्रिला, सेराटोफिलम आणि फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया. आमच्याकडच्या माजी मालगुजारी तलावांत, म्हणजे मामा तलावांत, ही गवतं पूर्वी भरपूर असायची. त्यांच्या आडोशाला मासे अंडी घालत, पिल्लं वाढत. पुढे तलावात सोडलेल्या गवत्या माशानं ती फस्त केली आणि काठानं बेशरमची झुडपं माजली. आता भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि धीवरांच्या मच्छीमार संस्था मिळून बेशरम उपटतात, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरतात आणि पाणी भरल्यावर ही गवतं पुन्हा लावतात. त्यात बायका पुढे आहेत. माशाला कोणतं गवत हवं हे त्यांना सांगावं लागत नाही.

घरच्या टाकीसाठी हीच गवतं मी आधी का सुचवतो, त्याचं उत्तर आमच्या बोअरच्या पाण्यात आहे. ते जड. नाजूक रोपांना पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडच लागतो, आणि तो साध्या टाकीत फार थोडा असतो. म्हणून ते सिलिंडर. ही तिन्ही गवतं मात्र जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन ओढून घेतात. त्यांना सिलिंडर नको आणि महागडी मातीही नको.

लावणीची रीत वेगवेगळी आहे. सेराटोफिलमला मुळं नसतातच. ते नुसतं सोडून द्यायचं. हायड्रिलाचे शेंडे मूठभर घेऊन वाळूत खोचायचे, भाताच्या रोवणीत पऱ्हे खोचतात तसेच. व्हॅलिस्नेरियाची मुळं धुतलेल्या जाड रेतीत दाबायची, पण पानं जिथून फुटतात तो गाभा वर उघडा ठेवायचा, नाहीतर कुजतो. विकतच्यांपैकी जावा फर्न आणि अनुबियास मला आवडतात. दोन्ही संथ वाढतात, कमी उजेडात तगतात. त्यांचं आडवं जाड खोड रेतीत न पुरता दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधायचं. नव्या पाण्यात कोणत्याही रोपाची जुनी पानं थोडीफार गळतात. घाबरून ते उपटू नये.

दिवा सहा ते आठ तास पुरे. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवली की काचेवर शेवाळ धरलंच म्हणून समजा. रात्री झाडंही प्राणवायू वापरतात, म्हणून टाकी गच्च भरली असेल तर पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात.

भाताच्या बांधीत उगवणारी रोटालाही टाकीत छान गुलाबी होते, पण तणनाशक मारलेल्या बांधीतली आणू नये. तलावातलं काहीही घेताना तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारावं. नवेगावबांधच्या जंगलातलं काडीभरही उचलू नये. तो व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

व्हॅलिस्नेरियाचा खरा खेळ बोडीतच बघावा. मादी फूल दोऱ्यासारख्या देठावरून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं. नर फुलं बुडाशीच सुटी होतात, वर तरंगत येतात आणि वाऱ्यानं ढकलली जाऊन त्याला भिडतात. फलन झालं की देठ स्प्रिंगसारखा वळतो आणि फळाला खाली ओढून घेतो. नर आणि मादी झाडं वेगळी असल्यानं घरात हे क्वचितच दिसतं. तिथे ती आडवे धुमारे सोडून पसरते.

छाटलेलं गवत मी उन्हात वाळवून परसातल्या खड्ड्यात टाकतो. विकतचं रोप तर बोडीत कधीच जाऊ देत नाही. आपल्याकडची हीच हायड्रिला 1950च्या दशकात मत्स्यटाकीच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिनं तिथले कालवे, तळी तुंबवली. दक्षिण अमेरिकेच्या जलपर्णीनं आपल्या पाण्याचं काय केलं ते तर समोरच आहे.

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिसाला टेकतो. तेव्हा मी टाकीचं झाकण काढून जाळी टाकतो आणि छोटा पंखा पाण्यावर लावतो. दोन-तीन अंशांचा फरक पडतो. पण पाणी झपाट्यानं उडतं आणि क्षार मागेच राहतात. रोज बोअरचंच पाणी ओतत गेलं तर टाकीतलं पाणी आणखी जड होतं, म्हणून तूट भरायला पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी वापरावं.